तांदूळभर खाली

चितार ओळीत गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस
रस्ता नसतोच; ओली माती, सुतळी, तणस
आणि रांगेने बसलेले, अजून न पाहणारे देव.
आमच्या घरात माती धाकट्यांनी मळायची,
डोळे फक्त थोरल्याने काढायचे.
माझे बाबा थोरले.

मग ते सदरच्या देवळात जाऊ लागले, क्रुसाच्या.
डोक्यावर पाणी घेतलं, शांतवन झाले,
आणि दुसऱ्या आज्ञेपाशी येऊन थबकले.
बाकीच्या सोप्या होत्या.
शेजाऱ्याचा बैल नागपुरात कोणाला हवा होता?
ही मात्र सरळ बोटांवर लिहिलेली:
आभाळातलं, जमिनीवरचं, पाण्यातलं
काहीच घडवायचं नाही.
“मंग उरलं काय?” दौलतकाका म्हणाला.
पुढे वीस वर्षं बोलला नाही.

ब्रश बाबांनी मोडले नाहीत.
खारीच्या केसांचे. एक तर दोनच केसांचा.
मेडिकलमध्ये ते नकली डोळे रंगवू लागले:
खाणीच्या सुरुंगात गेलेला,
विटीदांडूत गेलेला,
देवीने नेलेला.
रोग्याला खिडकीशी बसवायचे,
त्याचा उरलेला डोळा तासभर बघायचे
आणि उतरवायचे त्यातली पिवळट शीर, कडेचा धूर.
पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, शांतवन, ही प्रतिमा नव्हे का?
बाबा म्हणाले, हिच्यापुढे वाकतं कोण?
ही लावून माणूस मान वर करतो.

डोळे असून न पाहणाऱ्या देवांचं स्तोत्र लागलं
की मागच्या बाकावरची पोरं आमच्याकडे बघून हसायची.
बाबा वहीत बघत राहायचे.
तसले दोन डोळे त्यांना दहा तारखेपर्यंत द्यायचे असायचे.

मी नऊ वर्षांची असताना काका आला.
उंबऱ्याबाहेरच उभा.
“मोतीबिंदू झाला मले. एका रेघेच्या दोन दिसतेत.
महालातल्या जुन्या घराची मूर्ती हाय,
पोट्टा अजून कच्चा हाय.
तू नुसता ये.”

बाबा गेले. मलाही नेलं,
साक्षीला कोणी असावं तसं.
पिवळा बल्ब, डिंकाचा वास.
पाठीमागे हात बांधून ते मूर्तीपुढे उभे राहिले.
ब्रश पोट्ट्याच्या हातात.
“डावा. तांदूळभर खाली.
थांब. श्वास सोड. आता.
बुबुळ पुरं गोल नको करू,
पापणीले वरून थोडं खाऊ दे.”
पोट्ट्याने विचारलं, “अन् पांढरा ठिपका?”
“थो मले नको विचारू.”

चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.
जुम्मा तलावाच्या काठाने परतताना
सायकलच्या दांडीवरून मी म्हटलं,
तुम्ही हात नाही लावला ना, बाबा?
चेन करकरत राहिली.
बऱ्याच वेळाने म्हणाले, “हात नाही लावला.”

त्या रविवारी प्रभुभोजनाचा पेला
बाकावरून सरकत आला;
त्यांनी तो न पिता आईकडे दिला.
महिन्यातून एकदा यायचा तो पेला.
मी मोजलं: सात वेळा दिला.
आठव्यांदा प्यायले.
मधल्या काळात त्या दोघांचं काय ठरलं
ते मला माहीत नाही.

आता घरात त्यांचा फोटो नाही, ही त्यांचीच अट.
दरवर्षी चेहरा थोडा पुसट होतो.
नाकापर्यंत येते मी आणि अडते.
कपाटात कापसात एक डोळा आहे, तपकिरी,
न्यायला कोणी आलंच नाही असा.
त्यात पांढरा ठिपका रंगवलेला नाही.
खिडकीशी धरला
की उजेड आपण होऊन येऊन बसतो तिथे.

मी लगेच परत ठेवते.