रकाना अकरा

कळंब्याच्या तुरुंगात दुपारी
तायशेटे मॅडम फायली पुढं सरकवतात, वर ताकाचा ग्लास.
चाळीस बैठका, चोवीस माणसं, तीन वर्षं.
"आकडे बरे आलेत," म्हणतात,
आणि लगेच खिडकीकडं बघतात.

आधीची प्रश्नावली, नंतरची प्रश्नावली.
'समोरच्याला काय वाटतं ते मला कळतं':
आधी दोन, नंतर पाच.
क्रमांक सतरानं सरळच सांगितलं,
"पैल्यांदा खरं लिवलं, ताई,
मग बरं लिवलं."
मी हसले नाही. टिपून घेतलं.

चिठ्ठ्या टाकून निवडायचे होते.
साहेबांनी चांगल्या वागणुकीचे तेवढे घेतले,
उरले ते तुलनेला.
आमचे आबा खासबागेत पंच होते, ते म्हणाले असते,
जोड लावतानाच कुस्ती संपली की.

रकाना अकरा: सुटल्यावर पुन्हा गुन्हा?
नाही. नाही. माहीत नाही. नाही.
म्हणजे नोंद नाही.
नोंद नाही म्हणजे चौकीची पायरी कुणी चढलं नाही.
कुणी चढलं नाही म्हणजे

शिरोलीच्या फाउंड्रीत क्रमांक नऊ
कास्टिंग ठोकून बघतो. लहान हातोडा, कान जवळ.
"भेग असली की बद्द वाजतंय."
सुटून चौदा महिने झाले.
शाळा सुटायच्या वेळेला तो सायकल
कालव्याच्या अंगानं घालतो, तीन किलोमीटर लांबून.
हे मी विचारलं नव्हतं.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

उचगावात शिलाई मशीनवरची बाई
पाय न थांबवता विचारते,
"किती बैठका दिल्या त्येला?"
"चाळीस."
ती आकडा ओठांत फिरवते. दोरा तुटतो.
"माझ्या पोरीला एक दिली.
ती बी शिक्का मारायला."

साहेबांना एका ओळीत हवंय,
उपयोग होतो का नाही.
मी तीन ओळी लिहिते:
थोडा होत असावा. खात्री कमी.
बंद करू नका, मोजणं तर अजिबात नको.
पाच वर्षांनी पुन्हा विचारा.

साहेब सही करतात, चष्मा पुसतात.
"पाच वर्षांत माझी बदली झालेली असेल हो."

क्रमांक नऊची होणार नाही.
उचगावच्या मशीनचीही.