साडेआठशे वॅट

नवी पेठेत जिन्याखालच्या दुकानात
मुदस्सर कोटेशन लिहितो.
वर पार्टीचं नाव: दासरी पद्मजा.
प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघतो,
मी भाव करणार की उठून जाणार
याचा अंदाज घेत.

प्रोसेसर, सोळा कोअरचा.
मदरबोर्ड. त्याची किंमत सांगताना
आवाज थोडा खाली आणतो.
रॅम चौसष्ट जीबी.
इथं श्रीहरीनं स्टूल पुढं ओढलं,
"बत्तीस बास की बे. कार्ड वाढव, कार्ड!"

श्रीहरी माझा भाऊ.
रात्री अकरानंतर मशीन त्याचं.
हेडफोन लावून तो कुठल्याशा बर्फाळ डोंगरावर
चौघा अनोळख्यांना हुकूम सोडत असतो,
बनियन घामानं पाठीला चिकटलेलं.
दिवसा मशीन माझं.
मी लोकांची लग्नं कापते, जोडते.
अक्षतांचा शॉट आला की सगळं अडतं.
नवरीचा हात वर जातो
आणि तिथंच राहतो
चहा उतू जाईपर्यंत.

मागच्या वैशाखात एक लग्न
शहाण्णव टक्क्यांवर गेलं.
लाइट गेली नव्हती. मशीनच बसलं.
बाहेर त्रेचाळीस, वर पत्रा.
नवरदेवाचे काका फोनवर, "अजून शिजलालंय व्हय?"
मी म्हटलं, हो. शिजतंय.

"पाण्याचा कूलर घ्या मॅडम, दिसायला पण भारी."
"आमच्याकडं पाणी पाच दिवसाआड येतं."
मुदस्सर हसला. मग गंभीर होऊन समजावलं,
ते पाणी आतल्या आत फिरतं, भरावं लागत नाही.
मला ठाऊक होतं.
हसायला मिळालं, एवढंच.

मग आम्ही भांडलो. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.
तो म्हणाला, तुझी लग्नं काय, कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.
मी म्हटलं, तुझा डोंगर तरी कुणाच्या मालकीचा?
पैसे अर्धे त्याच्या पगाराचे,
अर्धे माझ्या नऊ लग्नांचे,
आणि दोन्ही अर्धे मिळून
त्याच्या कार्डाला पुरत नव्हते.

नायना तेवढ्यात सायकल लावून आत आले.
तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर.
शर्टाच्या खिशात अजून पाना असतो,
कानामागं सूत.
कार्डाकडं त्यांनी बघितलंही नाही.
तेलुगूत एवढंच विचारलं,
"धूळ कुठून शिरणार?"

मुदस्सरनं कॅबिनेट फिरवून जाळी दाखवली.
नायनांनी तिच्यावर बोट फिरवलं,
मग काउंटरवरचे दोन पॉवर सप्लाय उचलले,
एक या हातात, एक त्या,
बाजारात वांगी तोलावीत तसे.
"हा हलका. आत तांबं कमी."
कोटेशनच्या शेवटच्या ओळीत
मुदस्सरनं तोच हलका लिहिला होता.
तो पेनाचं टोपण घालू लागला.

"मालकानं एकदा स्वस्तातली मोटर आणली,"
नायना म्हणाले, "अकरा रात्री मी तिच्याजवळ झोपलो."
आणि जड डबा माझ्या मांडीवर ठेवला.

साडेआठशे वॅट.
सहा हजार जास्त.
श्रीहरी बराच वेळ कागदाकडं बघत राहिला.
मग त्यानंच पेन मागून घेतलं,
कार्ड एक पायरी खाली आणलं,
काचेचं झाकण खोडलं, रंगीत पंखे खोडले,
चौसष्टला हात लावला नाही.
दिव्यांची एक पट्टी मात्र ठेवली, जांभळी.
ती मी पण खोडली नाही.

मशीन घरी आलं त्या रात्री
नायनांनी पंच्याचा विरळ तुकडा कापून
जाळीवर आतून ताणला, दोऱ्यानं बांधला.
अक्षता पहिल्यांदाच न अडखळता पडल्या.
श्रीहरी म्हणाला, परत दाखव.
कुणाचं लग्न हे त्याला माहीत नव्हतं.

दोन वाजता उठले तर नायना जमिनीवर,
कॅबिनेटला कान लावून.
जांभळा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीत.
"वरचा पंखा घासलालाय," म्हणाले,
"उद्या त्या पोराला सांग."