तीन नंबरचा कप्पा

पुंता अरेनासमध्ये वारा सुटी घेत नाही.
चौकाचौकात दोर ताणलेले असतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
बाल्दोमेरो ओयार्सोच्या वर्कशॉपचं दार म्हणूनच पूर्वेला,
सामुद्रधुनीकडे तोंड करून;
पश्चिमेला नुसती भिंत, तीही दोनदा बांधलेली.

नवं मशीन आलं मार्चमध्ये.
गुळाच्या दोन ढेपांचं वजन, लाल रंग,
आणि दावा तीन कामांचा: तार, टंगस्टन, रॉड.
म्हातारा म्हणाला,
दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो,
हा तर तीन घरचा.
आणि आपल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर
त्याने मुद्दाम कोट टांगला.

भाची शिकत गेली. एदुविहिस मान्सिया, वय सव्वीस,
भुवईत ठिणगीचा एक पांढरा डाग.
तारेचा वेग वाढला तर तार पत्र्याला ढुसण्या देते,
कमी पडला तर टोकाशीच गोळी होऊन बसते.
मधे कुठेतरी एक आवाज आहे,
तापल्या तेलात कांदा सोडल्यासारखा,
पण न तुटणारा.
तो कानाने लावायचा.
आकडे मग वाचायचे, वहीत लिहायला.

टंगस्टनचं काम वेगळं. तिथे घाई चालत नाही.
खेकड्यांच्या बोटीवरचं स्टीलचं बेसिन सांधताना
आर्क विझला तरी हात उचलायचा नाही:
आठ सेकंद वायू वाहत राहतो
लाल टाक्यावर,
कुणी बाळाच्या टाळूवर हलके फुंकर घालावी तसा.
तिने आठाचे दहा केले.
वायू महाग आहे, म्हातारा कुरकुरला.
पण टाका चांदीसारखा आला, मग गप्प.

आणि पत्र्यावर छापलेलं ते एक वाक्य:
दहा मिनिटांतली सहा काम, चार विसावा.
मामाच्या पाठीवर असं काही
कुणी कधी छापलं नव्हतं.

जूनमध्ये ओर्फेलिना बोट रॅम्पवर चढवली.
कठडा तुटलेला, काम उघड्यावर.
तिने तार लावली, ताडपत्री बांधली, पाठ आडवी धरली,
तरी वाऱ्याने वायू ओरबाडून नेला
आणि सांध्याला अनारशासारखी जाळी पडली.
ग्राइंडरने सगळं खरवडलं.
रॉड, म्हणाली ती स्वतःशीच,
आणि स्क्रीनवर बटण फिरवलं.

आठवणीचे कप्पे उघडले.
एक तिचा. दोन तिचा.
तीन
कुणी भरला?

एकशे दहा अँपिअर. ठीक.
हॉट स्टार्ट: शेवटच्या टोकाला.
आर्क फोर्स: नव्वद.

नव्वद कुणी ठेवतं का?
रॉड सारखा टेकतोय, सारखा चिकटतोय,
असा हात असेल तरच.
रॉड चिकटला तर हाताला विचार,
मशीनला विचारू नकोस:
हे तिला ज्याने शिकवलं,
ज्याने चाळीस हिवाळे
बोटींची पोटं उताणं पडून शिवली,
तो रात्री इथे येऊन,
दिवा न लावता बहुतेक,
ह्या तीन घरच्या पाहुण्याला
आपला हात दाखवून गेला होता.
दुसऱ्या कुणाला नाही.

तिने पुसलं नाही.
चौथा कप्पा केला, पस्तीसवर,
काच खाली ओढली
आणि वाऱ्याला पाठ देऊन कठडा शिवत गेली.

संध्याकाळी म्हातारा आला.
स्लॅग उडवलेल्या सांध्यावरून
अंगठा फिरवला, खिशात परत घातला.
"कितव्यावर?"
"चारवर."
"हं."
बराच वेळ दोर वाजत राहिले.
मग म्हणाला, "तीन नंबर रिकामा आहे का बघ कधी."
"भरलेला आहे," ती म्हणाली,
"असू दे. लागतो."

आत जाऊन त्याने येर्बाचा तुंबा भरला,
अर्धाच,
हल्ली भरतो तसा.
तिने तो नेहमीसारखा घेतला,
फक्त
दोन्ही हातांनी.