अडीच वाव कापड

जाळं फाटलं की मी आधी भोक बघत नाही,
भोकाच्या बाजूचे डोळे बघतो:
कुठला ताणलाय, कुठला उगाच सैल,
ओझं कुणावर पडत होतं.
त्याच नजरेनं पाहिली
मेहुणीनं कल्याणहून कुरिअर केलेली पिशवी.

बकलं, चेन, कमरेला रुंद पट्टा, आत फोमची गादी.
खोक्यावर हसणारा बाप, त्याच्या छातीवर
तोंड जगाकडे केलेलं मूल, पाय लोंबते.
स्वरूपानं एकदा बांधली, विहिरीपर्यंत गेली,
परत येऊन खुंटीला अडकवली.
का, ते बोलली नाही. मी विचारलं नाही.
खाऱ्या वाऱ्यानं महिन्याभरात चेन धरली.

पाच वाजता ती सर्जेकोटच्या जेटीवर जाते, लिलावाला.
मला दोन्ही हात लागतात, एक सुईला, एक जाळ्याला.
जुई चार महिन्यांची, पावणेसहा किलो,
बर्फाच्या फॅक्टरीतल्या काट्यावर
घमेल्यात फडकं घालून तोललेली.
म्हणून तेवढेच तांदूळ पोत्यात भरले
आणि एकेक कापड बांधून अंगणात फिरलो.
गडग्यापलीकडून मोन्या ओरडला,
"काय रे, दुकान घालतस?"

नायलॉनची साडी: गाठ बसेना, पोतं घसरून गुडघ्यावर.
मालवणच्या बाजारातली, पितळी कड्यांची:
सगळा भार एका खांद्यावर. त्या खांद्यानं
वीस वर्षं दोर ओढलाय; तो म्हणाला, मला नको.
लुंगी आखूड.
राहिलं आतेचं सुती लुगडं,
धुऊन धुऊन मऊ, पण वीण घट्ट;
तिरपं ओढलं की थोडं देतं
आणि परत जागेवर येतं.
अडीच वाव कापून घेतलं.

तांदूळ गप्प बसतात. जुई नाही.
आशाताई आल्या, कापडात हात घालून
तिचे गुडघे ढुंगणाहून वर उचलले,
"बेडकासारखी बसू दे, नुसते पाय लोंबवू नको."
हनुवटीखाली दोन बोटं सरकवली:
"एवढी फट हवीच. कापड तोंडावर नको.
आणि मान न वाकवता
तुझे ओठ तिच्या टाळूला लागले पाहिजेत."
लावून पाहिले.
खोबरेल, घाम, आंबूस दूध.

खांद्यांवर कापड पसरून घेतलं, दोरीसारखं नाही.
पाठीवर फुली, पोटावर वेढा,
गाठ कुशीला, येतात त्यातली सगळ्यात साधी.
सुरूच्या सावलीत बसलो. ती झोपली.
सुई लांब धरून
त्या संध्याकाळी बारा हात जाळं सांधलं.

साडेसातला स्वरूपा आली, बर्फानं बोटं पांढरी,
कनवटीला सुट्टे पैसे. हात धुतले, पुन्हा धुतले.
"दी, माका दी."
मी ऐटीत लुगडं सोडलं
आणि तिला तसंच बांधलं,
तोच वेढा, तीच गाठ, दाबून.
तिनं श्वास धरला.
"खाली नको. टाके आसत थंय."

चार महिने.
कल्याणचा पट्टा तिथंच बसत होता.
खुंटीवरची पिशवी मी येता-जाता बघत होतो,
चेनीचा गंज बघत होतो.

जुईला पाळण्यात ठेवली.
उरलेलं लुगडं उलगडलं. "हात पसर," म्हटलं.
कापड आम्ही वावेनं मोजतो, दोरासारखं,
आणि माझी वाव तिच्याहून वीतभर मोठी,
हे लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं.
ओसरीच्या दिव्याखाली ती हात पसरून उभी,
ब्लाउजवर खवले, एका बोटाला चिंधी.
मी वेढा धरून तिच्या बरगडीपाशी.

"हय?"
"वर."
"हय?"
"जरासा आणि वर."