आठवा

नगरपरिषदेने सात नियम दिले होते,
टाइप केलेले, खाली साहेबांची सही.
बंदराच्या वळणावर पत्रा टेकवून
मी एकेक उतरवत होतो :
हेल्मेट घाला. दोघांहून जास्त नको.
बॅटरीची स्कूटर पदपथावर नको.
चौथ्यातल्या 'वेगमर्यादे'चा रफार
वाऱ्याने जरा फराटला.

मथुरा डोर्लेकर थांबली. पायांशी सुरमईची पाटी,
आरशाला टांगलेलं हेल्मेट, त्यात सुट्टे पैसे.
"काय लिवतोस रे?"
वाचून दाखवलं.
"आणि ट्रक गळतो, त्याचं?"
बर्फाचं पाणी, माशांचं पाणी, सगळ्या उतारभर.
पहाटे चारला दिसत नाही,
वासावरूनच कळतं.
"माझी जाव तिथंच घसरली.
अजून मांडी घालून बसत नाय.
नि ही गाडी मुकी. बाबल्या जाळं शिवत
रस्त्याला पाठ करून बसतो.
हॉर्नने दचकतो म्हातारा. मी खाकरते."

नियम सातच, मी म्हटलं. पैसेही सातांचेच.
ती हसली नाही. सुट्टे कनवटीला लावले,
हेल्मेट चढवलं, पट्टा तसाच लोंबता,
आणि आवाज न करता उतरणीला लागली.

संध्याकाळी डब्यात निळा उरला होता.
सहीच्याही खाली, बोटभर जागेत लिहिलं :
ट्रक गळतो तिथे ब्रेक करकचून दाबू नये.
पाठमोऱ्या माणसापाशी खाकरावे.

साहेब बघतील तेव्हा बघतील.
खारा वारा पत्रा खालूनच खायला घेतो,
म्हणजे आधी हाच जाणार.
पुढच्या खेपेला वर लिहीन.