मंगळवारी, मंगाईच्या देवळामागं

साडेसातला सर येतो. पोरगाच तो, मुधोळकडचा.
हेल्मेट काढायच्या आत आम्ही चटईवर,
पाचजणी एका ओळीत. शपथ कन्नडात.
मी नुसती ओठ हलवते.

आज चारच.
शकिलाच्या दाराला कुलूप,
दोरीवर पोराची चड्डी अजून ठिबकतेय,
म्हणजे नळाचं पाणी भरून मगच गेली.

सर म्हणतो, तिचा कंतू आता तुमचा.
आणि नव्या कर्जासाठी मशीन पुढं करतो.
माझं बोट ते घेत नाही.
तीस वर्षं मागाच्या कांड्या भरल्या,
सुतानं रेघाच नेल्या पुसून.
खोबरेल लाव, पदराला पूस, परत दे
या बोटाची बाई त्याला सापडतच नाही.
हप्त्याला मात्र बोट लागत नाही.

बाराशे. चौघींत तीनतीनशे.
निंगव्वानं पोलक्यातनं काढले,
पारूनं भिशीतले,
मी गॅसचे.
रुद्रव्वानं आधी शकिलाच्या सात पिढ्या काढल्या
मग दोनशे ऐंशी.
वीस कमी.
सरानं आपल्याच खिशातले टाकले,
कुणाकडं न बघता वहीत टिक केली.
त्यालाही कुणीतरी मोजत असणार, हुबळीत बसून.

परतताना शकिलाच्या दारात थांबले.
डोकं तापलं होतं. कुलूप एकदा ओढून पाहिलं.
मग ती चड्डी
उलटी करून उन्हाकडं लावली.