तोंड

गर्भाशयालाही तोंड असतं, नर्स लिमाकात्सो म्हणाली.
मला हसू आलं.
खिडकीशी गोळ्यांची बाटली मागताना
जिच्या तोंडून शब्द फुटत नाही
तिला आणखी एक तोंड?

घोंगड्याची पिन काढून टेबलावर ठेवली,
घोंगडं पायांवर तसंच.
बाहेर दोन खेचरं उभी होती,
एकाच्या पाठीवर कुणाचं तरी मक्याचं पोतं.
काल दुपारपासून चालत आले होते,
खिंड उतरून, रात्र मावशीकडे काढून.
टाचांच्या भेगा हिला दिसतील
याचीच मला जास्त लाज.

थंड आहे हं, ती म्हणाली. आणि होतंच.
मग कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर.
व्हिनेगर!
सासू ज्यात बीट मुरवून ठेवायची
नाताळच्या जेवणासाठी.
वास तोच. नाक त्या स्वयंपाकघरात जाऊन आलं,
मी इथेच, पत्र्याच्या छताकडे बघत.

आता एक मिनिट थांबायचं, ती म्हणाली,
आणि घड्याळाकडे बघत राहिली.

एक मिनिट.
लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी माझं नाव ठेवलं माखोत्सो.
खोत्सोची आई.
खोत्सो तेव्हा कुठेच नव्हता.
आधी नाव आलं, मग चार वर्षं
सगळं गाव माझ्या पोटाकडे बघत होतं.
तो पोटात असतानाच रक्त तपासलं. तेव्हाच कळलं.
नवरा वेल्कोमच्या खाणीत. फोनवर सांगितलं
तर म्हणाला, तिकडे बर्फ पडलं का?

नऊ वर्षं झाली. रात्री आठच्या बातम्या लागल्या की एक गोळी.
विषाणू आता मोजण्यापलीकडे कमी, असं कार्डावर लिहिलंय.
म्हणजे संपलं ना, मी विचारलं होतं.
लिमाकात्सो म्हणाली, राखणदार इतकी वर्षं जागा आहे, माखोत्सो,
दमतो.
मागच्या दाराने कोण शिरतं ते आपणच बघायचं.

मासेबोलेलोला हे कुणी सांगितलं नाही.
शेजारचं घर. दोन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं,
ती म्हणायची, वय झालं.
वय होतं एकेचाळीस.
शेवटी शेवटी आम्ही नाकाला रुमाल लावून जायचो तिच्याकडे,
आणि मग जातच नव्हतो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दिसलं, लिमाकात्सो म्हणाली.
काय?
पांढरं. छोटंसं.
थंडी सरल्यावर डोंगराच्या सावलीत
बर्फाचा एखादा तुकडा राहून जातो ना, तसं.
कर्करोग नाही. अजून नाही.
'अजून' हळू म्हणाली, पण गिळला नाही तो शब्द.
आजच जाळून टाकू?

मी खेचरांकडे बघितलं. पोतं वाहणारं निघून गेलं होतं.
टाका, म्हटलं.

हातात मावेल एवढं यंत्र, बॅटरीवर चालणारं.
ती मोठ्याने आकडे मोजत होती, मीही मोजू लागले.
वीसपर्यंत दुखलं, पाळीच्या पहिल्या दिवसासारखं.
तिसाच्या पुढे माझा आकडा चुकला,
तिचा चुकला नाही.

सहा आठवडे नवरा जवळ नको.
तो नाताळलाच येतो, मी म्हटलं.
आणि सप्टेंबर चालू होता, खिडकीबाहेर पीचला फुलं,
आम्ही दोघी किती वेळ हसलो.
वर्षाने परत ये, ती म्हणाली. तारीख कार्डावर लिहिली,
खाली दोन रेघा ओढल्या.

बाहेर बाकावर एक पोर बसली होती,
पंचविशीची असेल, कार्ड उलटं धरलेलं.
आत काय करतात, तिने विचारलं,
माझ्याकडे न बघता.

मी घोंगड्याची पिन लावत होते. ती लागेना.
मग तिच्या शेजारी बसले आणि
व्हिनेगरपासून सांगायला सुरुवात केली,
मग बीट, मग ते एक मिनिट,
मग मासेबोलेलो.
रुमालाचंही सांगितलं.

शेवटी म्हटलं, थंड असतं, एवढंच.
आणि हे बघ,
पायमोजे घालून गेलीस तरी चालतं.